अर्धा भोपळा

"वकिलाचं नाव काढू नका माझ्यासमोर," गोजरबाई म्हणाली आणि उमाच्या पाठीवरून तेलाचा हात खाली ओढला. "मान्साला हसवायचं म्हंजी काय अर्ज लिव्हायचा अस्तो का? आधी हे झालं, मंग ते झालं, सबब असं झालं. हसू येईस्तोवर बायाइचे पाय झोपी गेल्ते."

"आणि राधाकिसन शेठ?"

"शेठ चांगला. आपून येडं दिसतो हे शेठला म्हाईत हाय, म्हून तो बराबर बोलतो. पन कालचा पाहुणा बिलकुल कच्चा. परतूरचा डाक्टर न्हवं तो? खुर्चीवर असा बसला, जसं त्यालाच कोनी सुई टोचून राह्यलं."

मी हसले. न्हाणीच्या दगडावर पाट टाकून, पाय लांब पसरून गोजरबाई बसली होती. तिच्या नडग्यांवर माझी चार महिन्यांची उमा पालथी पडली होती आणि तिच्या खांद्यावरून तेल ओघळत होतं. शेजारी घंगाळात कढत पाणी, वाटीत डाळीचं पीठ, कोपऱ्यात धुरीची शेगडी. पाणी किती ऊन आहे हे मी दहादा बोट घालून पाहायची आणि गोजरबाई तितक्यांदा म्हणायची, "आवो मास्तरीणबाई, पानी बी लाजून राह्यलं आता."

पण मी पाहणारच. उमा आठव्या महिन्यात झाली होती. तळहाताएवढी. तिला पाहायला आलेल्या बायका दारातूनच तोंड फिरवून गेल्या होत्या. गोजरबाई तेवढी आत आली, कापूस मागितला, सरकी काढलेला, आणि तिला त्यात गुंडाळून स्वतःच्या छातीशी धरून बसली. तेव्हापासून ती रोज येते. कुणाला हे सांगून समजत नाही, म्हणून मी सांगत नाही. पण सकाळी दाराची कडी वाजली की माझा जीव भांड्यात पडतो.

मधल्या दारापलीकडे खुर्ची करकरली.

ते आमचे यजमान, नरहर मास्तर. आष्टीच्या शाळेत मराठी शिकवतात. गणपतीच्या दिवसांत बाजारतळावर दिवेलागणीनंतर जो 'चार खुर्च्या' नावाचा कार्यक्रम होतो, त्यातली तिसरी खुर्ची त्यांची. पहिली श्रीपती वकिलांची, दुसरी राधाकिसन शेठची. हे तिघे कायमचे. चौथी खुर्ची पाहुण्याची, रोज नवा. तिघांनी पाहुण्याला बोलण्यात धरायचं, पाहुण्यानं त्यांना धरायचं, लोकांनी हसायचं आणि शेवटी निकाल द्यायचा. पाहुणा पुरून उरला तर सगळे ओरडणार "नारळ!", आणि त्याला मानाचा नारळ मिळणार. पाहुण्याला उत्तर सुचलं नाही तर "भोपळा!" मग कुणाच्या तरी मळ्यातला चांगला तांबडा भोपळा त्याच्या मांडीवर. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्याच्या पुढच्या वर्षीचा हा गणपती. तोवर या कार्यक्रमाची लोकांना इतकी गोडी लागली होती की शहागडहून ट्रकवाले वाट वाकडी करून येत.

आणि रोज सकाळी, न्हाऊ घालता घालता, गोजरबाई आदल्या दिवशीच्या खुर्च्यांचा निकाल लावायची. यजमान ओसरीवर वाचत बसलेत अशी तिची समजूत. प्रत्यक्षात ते खुर्ची उचलून मधल्या दाराशी आणून ठेवत आणि हातात वर्तमानपत्र धरून ऐकत बसत. स्वतः विचारायचं तर मास्तरकीला कमीपणा. म्हणून विचारायचं मी.

"आणि आमचे?"

"मास्तर?" गोजरबाईनं उमाला उलटं केलं आणि टाळूवर तेल थापलं. "मास्तरांच्या नकला लई भारी. कोनाचा बी आवाज काढून राह्यले. वकिलाचा काढला तर मला वाटलं वकील दोन झाले. पन एक खोड हाय. आता जाऊ द्या. मालक हायेत तुमचे."

"सांगा की."

"मंग कधी." ती हसली.

तिचं हसणं सांगायला हवं. आधी पोटात कुठंतरी घुसळण चालल्यासारखा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम सगळं बाहेर. कार्यक्रमात ती बायकांच्या बाजूला, मांडवाच्या तिसऱ्या खांबाला टेकून बसायची. मला माणसं पाहायची सवय आहे. औरंगाबादला कॉलेजात होते तेव्हाही मी वर्गात फळ्यापेक्षा माणसंच जास्त पाहिली. तर मी हे पाहून ठेवलं होतं: आधी गोजरबाई हसते, मग तिच्या आजूबाजूच्या बायका, मग दोरीपलीकडचे पुरुष. कित्येकदा पुरुषांना विनोद कळलेलाही नसायचा. ते तिच्या हसण्याला हसत. हे त्या तीन खुर्च्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, हे सगळं आपलंच.

अंघोळ संपत आली की तिचा आणि उमाचा एक खेळ असे. शेवटचा तांब्या ओतायच्या आधी ती वाकून उमाच्या तोंडाजवळ तोंड नेई आणि सुरू करी:

"कुठं चालली गं उमाबाय? गोजरच्या घरी? गोजरच्या घरी काय हाय?" मग अगदी हळू, कानात सांगावं तसं, "एक शेळी हाय, दूध देती. एक चूल हाय, भाकर देती."

मग आवाज चढायचा. "आढ्याला कडी हाय! कडीला काय हाय? कडीला काय न्हाई! मंग कडीला कोन? कडीला उमाबाय!" आणि ती दोन्ही हातांनी उमाला वर, छताकडे उचले. उमा हसायची. चार महिन्यांचं, आठव्यात जन्मलेलं पोर, खळखळून हसायचं.

ती कडी खरी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, भुजंगनं, पाळण्यासाठी हौसेनं आढ्याला ठोकलेली. पाळणा कधी लागला नाही. मग भुजंगनं दुसरी केली आणि मेंढरं घेऊन तिच्यासह शहागडकडे निघून गेला. कडी राहिली, गोजरबाई राहिली. गावातल्या निम्म्या लेकरांना तिनं न्हाऊ घातलंय. हे मला तिनं एकदाच, धुरी देता देता सांगितलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं. मी कुणाला सांगितलं नाही. त्या खेळाबद्दल तर नाहीच. तो आम्हा तिघींचा होता.

खुर्ची दाराशी येते हे मला माहीत होतं. स्वतःचं नाव येऊन गेलं की ती परत ओसरीवर जात असेल, असं मला वाटायचं.

*

अनंतचतुर्दशीच्या आदल्या दिवशी जालन्याचे पाहुणे यायचे होते. ओढ्याला पाणी आलं, मोटार अडकली, सांगावा आला की उद्या पोचू. तिन्ही खुर्च्या आमच्या ओसरीवर डोकी धरून बसल्या.

"बाईमाणूस बसवलं तर?" यजमान म्हणाले. "आपली गोजर. बायकांत तिचंच चालतं."

शेठनं मांडीवर थाप मारली. "वा मास्तर! ये तो बात हुई. गर्दी डबल होईल!"

गोजरबाईला विचारायला मीच गेले. ती शेळीला पाला घालत होती. तिनं ऐकलं, पाला खाली ठेवला आणि मटकन बसली.

"मी? खुर्चीवर? वकिलासमोर?"

"नको वाटत असेल तर..."

"नको?" ती म्हणाली. "आवो, तीन वर्सं झाली, मी खांबाला टेकून सगळ्याइला जवाब देऊन राह्यले. मनातल्या मनात. वकील पाहुण्याला इचारतो न्हवं, तवा माझ्याकडं जवाब तयार अस्तो. पाहुणा बसतो येड्यावानी, न् मी इथं तडफडून राह्यले." मग हळूच म्हणाली, "नारळ भेटला तर उमाबायच्या पाळण्यात ठिवीन. पहिला मान तिचा. कापसातून निघाली ती."

दुपारी ती पुन्हा आली. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. "बराबर दिसतं न्हवं? खुर्चीवर पाय खाली सोडू का वर घेऊ?" मी म्हणाले, खाली सोडा. ती म्हणाली, "पाय पसरून बसायची सवं. मांडीवर लेकरू नसलं की हाताचं काय करावं कळत न्हाई." आम्ही दोघी हसलो. दारापलीकडे खुर्ची नव्हती. ते मांडवात गेले होते.

*

सुरुवात फार सुंदर झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणाले की तिला जमलंच नाही.

वकिलांनी विचारलं, "गोजरबाई, गावातली एवढी लेकरं तुझ्या पायावर लोळली. सगळ्यांत जास्त रडकं कोण?"

"तुमचा थोरला," तिनं लगेच सांगितलं. "न्हायला घेतला की तारीक मागायचा. आज न्हाई उद्या, उद्या न्हाई परवा. मी म्हन्लं, हा बापाचं नाव काढनार."

मांडव हलला. कर्ण्यातून तिचा आवाज बाजारतळाच्या पार टोकाला जात होता. शेठ म्हणाले, "बाई, आमच्यावर पण बोल ना काही!" ती म्हणाली, "शेठ, तुमच्यावर बोलाया जागा कुठं हाय? सगळी तुमीच भरून टाकली," आणि शेठनं आपल्या पोटावरून हात फिरवला. माझ्या शेजारी तुळजाबाई बसली होती, आमची शेजारीण. तिची तिन्ही मुलं गोजरबाईच्या हातची. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "नारळ! हिला आत्ताच नारळ द्या!"

उमा माझ्या मांडीवर जागी होती आणि कर्ण्यातला ओळखीचा आवाज कुठून येतो ते शोधत होती.

मग यजमानांनी विचारलं. त्यांनी विचारायला नको होतं, पण त्यांना राहवेना. इतके दिवस दाराआडून वाट पाहिलेली.

"आणि आमच्याबद्दल काय मत, गोजर?"

ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली, म्हणजे सांगा.

"मास्तर, तुमी हुशार. तुमच्या नकलेला जवाब न्हाई. पन तुमी हसवायच्या आधी सोताच हसता. पाहुन्याला वाढायच्या आधी सोताच ढेकर दिल्यावानी."

असा हशा मी त्या मांडवात ऐकला नव्हता. मागं उभे असलेले ट्रकवाले एकमेकांच्या खांद्यावर पडले. वकिलांनी टाळी दिली. यजमानही हसले. पण मला त्यांचा कान दिसत होता. तो लाल झाला होता.

त्यांनी कर्ण्याचा ध्वनिक्षेपक स्वतःकडे ओढला. एक क्षण मान खाली घातली, आणि मग वर केली तेव्हा त्यांच्या तोंडातून गोजरबाईचा आवाज निघाला. हुबेहूब.

"कुठं चालली गं, बाय? गोजरच्या घरी?"

लोक आवाज ओळखूनच हसले. मी उमाला घट्ट धरलं.

"गोजरच्या घरी काय हाय? आढ्याला कडी हाय! कडीला काय हाय?" त्यांनी डोळे मोठे केले, सगळ्या मांडवाकडे पाहिलं. "कडीला काय न्हाई!" आणि उजव्या हातानं ते नसलेल्या पाळण्याची दोरी ओढू लागले. पुढं, मागं. पुढं, मागं. "जू बाळा जू..."

लोक हसले. मी शब्द मऊ करणार नाही. लोक लोळले. पुरुष हसले ते हसले, पण बायका, ज्यांच्या बाळंतपणात तिनं शेक दिले, ज्यांच्या पोरांची नाकं तिनं बोटांनी सरळ केली, त्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. तुळजाबाईला ठसका लागला.

खुर्चीवर गोजरबाई तशीच बसली होती. तिचा एक हात अर्धा वर आला होता, काहीतरी सांगायला निघाल्यासारखा, आणि तिथंच राहिला होता. तिनं बायकांच्या बाजूला पाहिलं. खांबापासून शोधत शोधत तिची नजर माझ्यावर आली आणि थांबली.

"जवाब! जवाब!" पुरुष ओरडू लागले. पाहुण्यानं उत्तर द्यायचं असतं, असा नियम.

तिनं तोंड उघडलं, मिटलं.

"भोपळा!" पहिला आवाज बायकांतून आला. माझ्या शेजारून. मग सगळा मांडव. "भोपळा! भोपळा!"

मी उठून उभी राहिले. काय करणार होते, मला माहीत नाही. मागून कुणीतरी माझा पदर ओढला, "बसा की वो, दिसून न्हाई राह्यलं."

वकिलांनी भोपळा तिच्या मांडीवर ठेवला. मोठा होता, बाहेरून शेवाळी, देठ अजून हिरवा. ती उठली. हातात पेलेना, म्हणून तिनं तो कडेवर घेतला. तिला दुसरं कसं उचलता येणार? आयुष्यभर तिनं जड वस्तू तशीच उचलली आहे.

"पाळण्यात घाल गं!" मागून एकजण ओरडला, आणि पुन्हा हशा.

पायऱ्या उतरताना तिनं कडेवरच्या भोपळ्याखाली हात नीट सरकवला. मान सांभाळावी तसा.

*

"आजच्यासारखा रंग तीन वर्षांत भरला नव्हता," यजमान घरी येऊन म्हणाले. सदरा खुंटीला लावला आणि पाटावर येऊन बसले. मी ताट वाढलं. आमटी ताटाबाहेर सांडली, ती मी पुसली नाही.

"तुम्ही कुठून ऐकलंत ते?"

"काय? ते कडीचं? अगं, रोजच म्हणते ती. कानावर पडतं."

"पडत नाही. तुम्ही खुर्ची आणून ठेवता."

ते जेवत राहिले. मग म्हणाले, "तिनं भर सभेत मला ढेकर देणारा म्हटलं. ते चाललं?"

"ती तुमच्या खुर्चीबद्दल बोलली. विचारलंत म्हणून बोलली. तुम्ही तिच्या घरात शिरलात."

"मी काही खोटं बोललो का?"

"खोटं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं."

त्यांनी घास खाली ठेवला. "शरयू, तू शिकलेली आहेस. विनोद विनोदासारखा घ्यावा. आणि एका..."

"एका काय?"

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बरं झालं. पुरं केलं असतं तर मी काय केलं असतं, याची मला अजून भीती वाटते.

"उद्या सकाळी तिच्या घरी जा," मी म्हणाले. "माझी चूक झाली म्हणा."

"मी? धनगरवाड्यात? शाळेतली निम्मी पोरं तिथली. त्यांच्यादेखत?"

"मांडवात सगळं गाव होतं, तेव्हा नाही वाटलं?"

"उद्या शेवटचा दिवस आहे," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले, जणू हेच उत्तर होतं.

मी पाळण्याशी जाऊन बसले. पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सोडून दिली. वर पाहिलं. आमच्या माळवदाच्या तुळईला दोन कड्या होत्या, पितळेच्या, यजमानांनी जालन्याहून आणलेल्या. माझा संताप कुठं ठेवावा ते मला कळेना. तुळजाबाईवर होता, वकिलांवर होता, त्या मागून ओरडणाऱ्यावर होता. पण सगळ्यांत जास्त सलत होती ती गोजरबाईची नजर. शोधत आली आणि माझ्यावर थांबली. तिला वाटलं, मी सांगितलं.

*

सकाळी मी घंगाळ भरून ठेवलं आणि बसून राहिले. येणार नाही. का यावं? मग उमाला मीच घ्यायची. माझ्या हाताला ती सापडेल का, निसटेल का, कानात पाणी जाईल का. आणि हे सगळं मनात येत असताना स्वतःचाच राग येत होता, की तिच्यावर एवढं बेतलंय आणि मी माझ्या पोरीच्या कानाचा विचार करतेय.

कडी वाजली.

गोजरबाई आत आली. साधं लुगडं, तेच कुंकू. पदराखालून तिनं अर्धा भोपळा काढला, सरळ चिरलेला, आत केशरी, बिया जागच्या जागी, आणि उंबऱ्याच्या आत ठेवला.

"लई मोठा हाय. एकटीला सरनार न्हाई. मालकाला घारगे आवडत्यात न्हवं? करून घाला." आवाज मोठा होता. मधल्या दारापर्यंत जाईल एवढा.

"गोजरबाई, मी सांगितलं नाही. उमाची शपथ."

"लेकराची शपथ कशाला खाता?" ती एकदम रागावली. मग पाट ओढून बसली, पाय पसरले, हात पुढं केले. "म्हाईत हाय मला. रातच्याला कळलं. तुमी सांगितलं अस्तं, तर नकलेतून शेळी सुटली नसती, चूल सुटली नसती. ते मी हळू म्हन्ते. कडीचं मोठ्यानं. भिताडाआडून आयकनाऱ्याला मोठ्याचंच आयकू येतं."

मी उमाला तिच्या पायांवर ठेवलं.

"आन् आखरीचं बी सोडलं त्याइनं," ती तेलाची वाटी जवळ घेत म्हणाली. "कडीला उमाबाय. ते मी सगळ्यात मोठ्यानं म्हन्ते. ते आयकू आलं असलंच की. तरी सोडलं. तिथं नक्कल कच्ची झाली."

हे तिनं आमच्या घरात सांगितलेलं शेवटचं मत. मग तिनं तेल लावलं, पाठ, पाय, टाळू. पीठ लावलं. पाणी घातलं. तोंडातून एक शब्द नाही. न्हाणीत फक्त पाण्याचा आवाज. उमा आधी इकडेतिकडे पाहत राहिली, मग रडू लागली. ती कधी अंघोळीत रडली नव्हती. शेवटचा तांब्या ओतून गोजरबाईनं तिला टिपलं, धुरी दिली, दुपट्यात बांधलं, माझ्या हातात दिलं आणि गेली.

मी तो अर्धा भोपळा उचलला आणि मधल्या दाराशी असलेल्या खुर्चीवर नेऊन ठेवला. यजमान शाळेतून आले तेव्हा तो तिथंच होता.

"हे काय?"

"पाहुणीनं दिलाय. तुमचा वाटा."

"उचल तो."

मी उमाला पाजत होते. उठले नाही. त्यांनी तो स्वतः उचलून कोपऱ्यात जमिनीवर ठेवला.

*

शेवटच्या दिवशी जालन्याचे पाहुणे आले. मांडव तुडुंब भरला. मला वाटलं, गोजरबाई येणार नाही. ती आली. तिसऱ्या खांबाला टेकून, रोजच्या जागी, हात गुडघ्यांवर ठेवून बसली. बायका तिच्याभोवती जरा सरकून बसल्या, जरा जपून.

पाहुणा चांगला होता. जिनिंगमधला मुकादम, बोलका माणूस. शेठनं त्याला छेडलं, त्यानं शेठला छेडलं. लोक हसायला तयार होते, पण हसू सुरूच होईना. ओल्या काडीसारखं. बायका आधी गोजरबाईकडे पाहत. ती लक्ष देऊन ऐकत होती. रागानं नाही, तोंड फिरवून नाही. रोज ऐकायची तशीच, मान किंचित पुढं करून. फक्त पोटातली ती घुसळण निघत नव्हती. बायका गप्प, म्हणून पुरुष गप्प. वकिलांनी एक लांबलचक गोष्ट सांगितली आणि ती संपली हे कुणाला कळलंच नाही.

"मास्तर, कडी! कडी होऊ द्या!" मागून आरोळी आली.

यजमानांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. तेवढ्यासाठी मी त्यांना क्षमा करू शकत नाही. त्यांनी ध्वनिक्षेपक ओढला.

"कुठं चालली गं, बाय? गोजरच्या घरी? गोजरच्या घरी..."

मांडवातली प्रत्येक बाई गोजरबाईकडे वळली. ती पाहत होती. एखादा कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तसं. यजमानांचा हात दोरी ओढायला वर गेला आणि वरच राहिला. त्यांना हसू आलं, त्यांचं स्वतःचं, नेहमीसारखं आधीच. त्या शांततेत ते एकटंच कर्ण्यातून बाजारतळभर फिरलं.

निकालाची वेळ आली तेव्हा तुळजाबाईनं गोजरबाईला कोपरानं ढोसलं, "काय गं गोजर, नारळ का भोपळा?"

"मला काय इचारती?" गोजरबाई म्हणाली. "मी तर कच्ची निघाले न्हवं."

तुळजाबाईनं मान खाली घातली. कुणीतरी पुरुषांतून "नारळ" म्हणालं, आणि पाहुण्याला नारळ मिळाला. गोजरबाई उठली, बसकर झटकलं, माझ्याजवळ आली आणि उमाच्या कानांवरून टोपडं ओढलं. "चला, मास्तरीणबाई. लेकराला वारं लागंल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी काढत होते तेव्हा मधल्या दारापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वर्तमानपत्राची घडी उलगडली. गावात दुसरं कुणी त्यांना सांगणार नव्हतं, काल काय झालं ते.

गोजरबाईनं उमाला पायांवर घेतलं. तेल, पीठ, पाणी. मी "आणि आमचे?" विचारलं नाही. ती बोलली नाही. पलीकडे वर्तमानपत्राचं पान उलटलं, पुन्हा उलटलं. खोकला आला. एकदा, मग जरा मोठ्यानं, इथं मी आहे हे सांगण्यासारखा.

मी उठले आणि मधलं दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

गोजरबाईनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. आता कुणी नाही. बोला.

तिनं शेवटचा तांब्या भरला. वाकून उमाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग सावकाश, टाळूवरून खाली, तिनं पाणी ओतलं.

उमानं दोन्ही हात पसरले, पाय वर घेतले आणि छताकडे पाहत थांबली.

गोजरबाईनं पंचा उचलला आणि तिला टिपायला घेतलं.